हाक ऐकू येते, ओ देता येत नाही



३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातले माळीण हे गाव डोंगर खचून मातीखाली गेले. दीडशे माणसे गेली. ही बातमी जगाला कळली कशी? कुठल्या यंत्राने कळवली नाही. एस.टी.चा ड्रायव्हर रोजच्या फेरीला गाडी घेऊन गेला आणि पाहतो तर गाव जागेवर नाही. तो मागे फिरला, त्याने सांगितले, मग यंत्रणा हलली. ज्या जिल्ह्यात संगणकाच्या कंपन्यांचे मजल्यावर मजले चढले, त्याच जिल्ह्यातल्या एका गावाला ‘आम्ही गाडले गेलो’ एवढे तीन शब्द बाहेर पाठवायला एस.टी.ची वाट पाहावी लागली.

कापूस-ज्वारीच्या भावाचे सोडून आम्ही बिनतारी यंत्राचे काय घेऊन बसलो, असे काहींना वाटेल. डोंगर कोसळायला आमच्याकडे डोंगर आहेत कुठे, असेही कोणी म्हणेल. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरच्या सीनाकाठी जे झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. जन्मभर पाण्यासाठी आकाशाकडे पाहणाऱ्या माणसांना पाण्यातून काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. कोरडवाहू मुलखाला पूर येत नाही, हा समज आता सोडून द्यावा. वीज पडते, तलावाचा बांध फुटतो, गारपीट होते. आणि १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीत काय झाले, हे लातूर-धाराशिवच्या म्हाताऱ्या माणसांना सांगावे लागत नाही.

गेल्या काही वर्षांत सरकारने एक गोष्ट बरी केली, ती मान्य करू. इशारे आता मोबाईलवर येतात. २०२३ साली देशभर चाचणी झाली तेव्हा सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम भोंग्यासारखे ओरडले होते. विजेचा अंदाज सांगणारे ‘दामिनी’ हे पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचे ॲपही अनेकांकडे आहे. हाक आपल्यापर्यंत पोचते. पण हाकेला ओ द्यायची सोय नाही. ‘इशारा मिळाला, पण ओढ्याचा पूल गेला, शाळेत ऐंशी माणसे आहेत, त्यात एक बाळंतीण आहे’ हे उलट सांगायचे तर त्याच मोबाईलवर सांगायचे. आणि नेमका तोच त्या वेळी मरतो.

तो का मरतो ते समजून घेतले पाहिजे, कारण त्यातच पुढचे सगळे आहे. टॉवर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा. त्याला महावितरणची वीज लागते. वीज गेली की खालच्या बॅटऱ्या काही तास ओढतात. मग जनरेटर, तो असला तर, आणि त्यात डिझेल असले तर. डिझेल घेऊन येणारी गाडी रस्ता वाहून गेला म्हणून अडलेली. हे सगळे शाबूत राहिले तरी टॉवरवरून पुढे जाणारी काचेच्या तंतूची केबल बहुधा रस्त्याच्या कडेने, पुलाला बांधून नेलेली असते. पूल गेला की टॉवर उभा आणि मुका. आणि यातूनही काही वाचलेच तर सगळा तालुका एकाच वेळी फोन लावतो आणि कोणाचाच लागत नाही. बाजाराच्या दिवशी सगळ्या बैलगाड्या एकाच वेशीतून घुसाव्यात, तसे.

बिनतारी संचाला, म्हणजे पोलिसाच्या हातात असतो त्या वायरलेसला, यातले काही लागत नाही. त्याचे गणित जागलीच्या हाळीचे आहे. रात्री माळ्यावर बसलेला माणूस शेजारच्या शिवारात हाळी देतो, पलीकडून ओ येते. मध्ये कंपनी नाही, केबल नाही, बिल नाही. एक ओरडतो तेव्हा दुसऱ्याने ऐकायचे, दोघे एकदम ओरडले तर कोणालाच काही कळत नाही. वायरलेसवरही बटण दाबून बोलायचे, बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणायचे आणि बटण सोडून ऐकायचे. एकाचे बोलणे त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जाते. फोनमध्ये हे होत नाही. संकटात हाच मोठा गुण ठरतो, कारण दहा गावांना दहा वेळा सांगावे लागत नाही.

हातातल्या संचाची हाळी सपाट मुलखात चार-पाच किलोमीटर जाते, झाडी-घरे आडवी आली की त्याहून कमी. मध्ये टेकडी असली तर? जागल्या काय करील? टेकडीवर एक माणूस उभा करील, जो इकडची हाळी ऐकून तिकडे देईल. या माणसाचे काम करणाऱ्या यंत्राला रिपीटर म्हणतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने बोलतो. उंच टेकडीवर बसवलेला रिपीटर एक-दोन तालुके सहज जोडतो. पोलिसांचे असे जाळे आहे, मेळघाटच्या जंगलात वनखाते हेच वापरते. पण रिपीटर हाही एक खांबच आहे. वाऱ्याने अँटेना वाकली, विजेने आतले जाळले की तोही गप्प. तेव्हा शहाणा माणूस रिपीटर सुधारण्याची वाट पाहत बसत नाही. संच थेट एकमेकांशी बोलण्यावर आणतो आणि मधल्या गावातल्या माणसाला निरोप पुढे द्यायला लावतो. पुन्हा हाळीच.

आता खरी गंमत पुढे आहे. जिल्ह्याबाहेर, शंभर-दोनशे किलोमीटरवर, रिपीटर नसताना बोलायचे असेल तर? त्यासाठी दुसऱ्या जातीचा संच लागतो. त्याच्या लहरी वर आकाशात जातात, तिथल्या विद्युतभारित थरावर आदळतात आणि खाली परत येतात. सात मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचे तर अँटेना म्हणून वीस मीटर तांब्याची तार पुरते. मधोमध कापून दोन बाजूंना दहा-दहा मीटर. ती उंच मनोऱ्यावर बांधण्याचीही गरज नाही. बांधावरच्या दोन लिंबांमध्ये पंधरा-वीस फुटांवर ताणली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि पावसासारख्या आजूबाजूच्या तीनचारशे किलोमीटरवर पडतात. दिवसा हे काम चांगले चालते. रात्री तो थर विरळ होतो, मग साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरावे लागते आणि तार दुप्पट, चाळीस मीटर लागते. लातूरहून मुंबई किंवा नागपूर एका तारेवर. मध्ये एकही टॉवर नाही की कोणाची मेहरबानी नाही.

यावर विश्वास बसत नसेल तर अंदमानची हकीकत ऐका. २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओची मोहीम घेऊन गेल्या होत्या. जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचे, एवढाच उद्देश. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, मागून त्सुनामी आली, बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. या बाईंनी हॉटेलातल्या आपल्या संचावरून मुख्य भूमीवर बातमी दिली आणि मग कित्येक दिवस बेपत्ता माणसांची चौकशी, खुशालीचे निरोप, सरकारी कामाचे संदेश त्याच तारेवरून ये-जा करत राहिले. पुढे कार निकोबारलाही एक संच नेला गेला. भारती प्रसादांचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण आम्हाला दुसरीच गोष्ट खटकते. अंदमानात हौशी रेडिओला त्याआधी सतरा वर्षे परवानगीच मिळत नव्हती. ही मोहीम महिनाभर आधी आटोपली असती, किंवा परवानगीचा कागद कुठल्या टेबलावर आणखी एक महिना पडून राहिला असता, तर तो आवाज तिथे नसता. हजारो माणसांचा जीव टांगणीला लागलेला असताना त्यांचा आवाज बाहेर जाणे ही योगायोगाची गोष्ट असावी काय? सुरक्षेच्या नावाखाली माणसांची तोंडे बंद ठेवली की सुरक्षा वाढते, हा सरकारी सिद्धांत अंदमानच्या समुद्राने खोटा पाडला.

किल्लारीतही हौशी रेडिओवाले धावून गेले, ओरिसात १९९९ च्या महाचक्रीवादळात गेले, कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेले. प्रत्येक वेळी ते बाहेरून आले. म्हणजे पहिले काही तास, जेव्हा ढिगाऱ्याखालचा माणूस जिवंत निघू शकतो, ते कोरडेच गेले.

मोडलेली यंत्रणा पुन्हा उभी कशी करतात, ते आता पाहू. आपल्या लोकांना वाटते की संच बिघडतो आणि इंजिनीअर येऊन दुरुस्त करतो. तसे फार थोडे वेळा होते. संच सहसा शाबूत असतो, मेलेला असतो त्याचा वीजपुरवठा. त्यामुळे अनुभवी माणूस आधी बॅटरी पाहतो, मग वायरीचे जोड, मग अँटेना, आणि संच उघडतो तो सगळ्यात शेवटी. विहिरीवरची मोटर चालत नाही म्हणून आपण लगेच मोटर उचलून रिवाइंडिंगला नेतो का? आधी डीपीवरचा फ्यूज बघतो. तसेच हे.

२०१७ च्या २० सप्टेंबरला अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर ‘मारिया’ वादळ आदळले. शंभरातले पंच्याण्णव मोबाईल टॉवर बंद पडले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाच्या रेड क्रॉसला हौशी रेडिओवाल्यांच्या संघटनेकडे पन्नास माणसे मागावी लागली. बेटावरच्या हौशी लोकांनी केलेले एक काम आम्हाला फार शिकण्यासारखे वाटते. वीज मंडळाच्या लाईनमनना एकमेकांशी बोलायला साधन नव्हते. कुठल्या तारेत वीज सोडायची, कुठे माणूस खांबावर चढलेला आहे, हे बोलल्याशिवाय लाईन चालू करता येत नाही. वीज यायला बोलणे हवे आणि बोलायला वीज हवी, अशी ती गाठ. ती सुटली ती बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेसने. तरीही शेवटच्या घरात वीज यायला जवळजवळ वर्ष लागले.

आपल्याकडे बॅटरी आहे. गावागावात उभी आहे, ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली. हे संच बारा व्होल्टवर चालतात. दूरवर बोलणारा शंभर वॉटचा संच बोलताना वीस अँपिअर खातो, नुसता ऐकताना एखादा अँपिअर. तासात सहा मिनिटे बोलले आणि बाकी वेळ ऐकले तर तासाला तीन अँपिअर-तास खर्च. ट्रॅक्टरची बॅटरी नव्वद अँपिअर-तासांची धरा. ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे पंचेचाळीस वापरायचे. पंधरा तास झाले. मग थोडे डिझेल जाळून इंजिन चालवले की बॅटरी पुन्हा भरली. जवळच्या टप्प्याचा छोटा संच तर त्याच बॅटरीवर दीड-दोन दिवस काढील. सोलरची मध्यम पाटी असली तर डिझेलचेही नाव नको. दोन पथ्ये मात्र पाळा. इंजिनाला स्टार्टर मारताना संच बॅटरीवरून सोडवून ठेवा, नाही तर झटक्याने आतले जळते. आणि विजा कडाडू लागल्या की अँटेनाची तार संचापासून काढून घराबाहेर, जमिनीत गाडलेल्या सळईला जोडा. महावितरणच्या तारांखाली किंवा त्यांच्या आसपास ही तार कधीही ताणू नका.

यंत्र उभे राहिले तरी काम निम्मेच झाले. दहा संच एकाच वेळी ओरडू लागले तर तो ग्रामसभेचा गोंधळ होतो. म्हणून एका ठाण्याने सूत्रे हातात घ्यायची, बाकीच्यांनी त्याने नाव पुकारल्याशिवाय बोलायचे नाही. जिवावर बेतलेला निरोप आधी, औषध-अन्नाचा नंतर, खुशालीचा शेवटी. निरोप आधी कागदावर लिहायचा: कोणते गाव, किती वाजता, काय झाले, किती माणसे, काय हवे. ऐकणाऱ्याने तो लिहून परत वाचून दाखवायचा. आकड्यांच्या बाबतीत मराठी माणसाने विशेष सावध राहावे. खरखर चालू असताना एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत फरक कळत नाही. म्हणून ‘पाच-नऊ’, ‘सहा-नऊ’ असा एकेक आकडा सुटा बोलायचा. होड्या सहा पाठवायच्या की सात, हे त्यावर ठरते.

हे सगळे कोणी करायचे? इथे कायदा आडवा येतो. ऑनलाईन दोन-तीन हजारांत वॉकीटॉकी मिळतात, त्या पाहून पोरांना मोह होतो. ठरावीक फ्रिक्वेन्सीवरचे कमी ताकदीचे काही संच सोडले तर बाकीच्यांना परवाना लागतो. विनापरवाना वापर हा गुन्हा आहे. परवान्याची गरज न सांगता असे संच विकल्याबद्दल २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसाही काढल्या. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर चुकून जरी बटण दाबले गेले तरी पोराचे आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात जाईल. तेव्हा सरळ रस्त्याने जावे. केंद्राच्या दूरसंचार खात्याची हौशी रेडिओची परीक्षा आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही देता येते. खालच्या श्रेणीला मोर्सची टकटक शिकावी लागत नाही. थोडी वीजशास्त्राची ओळख आणि नियम एवढाच अभ्यास. दहावीला विज्ञानात बरे असलेल्या पोरीला तो अवघड नाही. हा परवाना मिळाला म्हणून त्यावरून कापसाचा भाव विचारता येणार नाही, हेही सांगून ठेवतो. हौशी रेडिओवर धंद्याचे बोलणे चालत नाही. आमच्या काही व्यापारी मित्रांना त्याने हायसे वाटेल.

पण सगळा भार पोरांच्या हौसेवर टाकून सरकारला मोकळे सोडणे आम्हाला मान्य नाही. ओरिसा काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नाही. १९९९ मध्ये दहा हजारांच्या घरात माणसे गमावल्यावर त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभारले. २०१८ पर्यंत किनाऱ्यालगतच्या सहा जिल्ह्यांत भोंगे बसवले आणि सोबत उलट बोलता येणारे डिजिटल रेडिओही दिले. आपल्याकडे काय आहे? एका तालुक्याच्या कचेरीत आम्ही कपाटात ठेवलेले वायरलेस संच पाहिले. प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. बॅटऱ्या फुगल्या होत्या. किल्ली ज्याच्याकडे होती त्याची बदली झालेली. खरेदी झाली, बिल निघाले, नोंदवहीत ‘यंत्रणा सज्ज’ असा शेरा पडला. न वापरलेला संच आणि न पेरलेले बियाणे यांत फरक एवढाच, की बियाण्याची उगवणशक्ती गेली हे पेरणीला तरी कळते.

म्हणून आमचे मागणे संचांचे नाही, वापराचे आहे. तालुक्याच्या उंच टेकडीवर सोलरवर चालणारा एक रिपीटर, नदी-तलावाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत एक संच, आणि दर सोमवारी सकाळी आठ वाजता हजेरी. तहसीलच्या ठाण्याने एकेका गावाचे नाव पुकारायचे, गावाने ओ द्यायची. ज्या गावाची ओ आली नाही तिथे त्याच आठवड्यात माणूस पाठवायचा. हजेरीची वही ग्रामसभेसमोर ठेवायची. संच कोतवालाच्या किंवा पोलिस पाटलाच्या घरी राहावा, कुलपात नको. आणि तो चालवायला गावातल्या दोन बाया व दोन पुरुष तरी शिकलेले असावेत, कारण संकट यायच्या रात्री घरचा पुरुष जागलीला किंवा बाजारच्या गावी असायचा संभव जास्त.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गेल्या पुरात किंवा वादळात कोणत्या गावांची रेंज किती तास गेली. त्या गावांतून सगळ्यात उंच टेकडी कोणती दिसते. आणि परीक्षेला बसायला तयार असलेल्या पोरापोरींची नावे, शिक्षणासह. बैठकीच्या मांडवाबाहेर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एक परवानाधारक संच लावून ठेवू. तार ताणायला दोन झाडे आहेत, वीस मीटर तार आणि नायलॉनची दोरी आम्ही आणतो.